कोणता प्रोसेसर घेऊ, असं तुम्ही विचारलंत म्हणून

"ताई, नवा कॉम्प्युटर लेवाना शे, कोणता प्रोसेसर लेऊ?" अमळनेरात हा प्रश्न मला कुठेही गाठतो. फोनवर, भाजीबाजारात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मुदत संपली, तेव्हापासून विचारणारे आणखी वाढले. मी घरून कॉम्प्युटर जोडून देते, दुरुस्तही करते, त्यामुळे विचारणाऱ्यांचं काही चुकत नाही. पण मी उत्तर देण्याआधी उलट विचारते, कॉम्प्युटर ठेवणार कुठे? खोलीवर स्लॅब आहे की पत्रे? कूलर कोणत्या खिडकीत लावता? प्लगला अर्थिंग आहे का? समोरच्याला वाटतं, ताई विषय टाळतायत. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहिते.

खान्देशात कॉम्प्युटरचे पार्ट निवडायला भिंतीतल्या प्लगपासून सुरुवात करावी आणि प्रोसेसरपाशी शेवटी यावं, हे माझं ठाम मत आहे. ज्या व्हिडिओंवरून तुम्ही यादी काढता, ते एसी लावलेल्या खोलीत, नाहीतर थंड देशात बसून केलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास असतो. यादीतला एकही पार्ट वाईट नसेल, पण ती यादी आपल्या घरासाठी केलेली नसते.

उन्हाचा हिशेब साधा आहे. प्रोसेसरवरचा पंखा कितीही भारी घ्या, लिक्विड कूलिंग लावा, प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. खोलीच्या तापमानाच्या वर तो किती चढेल, एवढंच पंख्याच्या हातात असतं. २५ अंशांच्या खोलीत भरपूर काम करताना प्रोसेसर ६५ अंशांवर असेल, तर चढ ४० अंशांचा झाला. तोच कॉम्प्युटर मे महिन्यातल्या दुपारी ४२ अंशांच्या खोलीत लावला की साधारण ८२. इंटेलचे बरेचसे प्रोसेसर १०० अंशांना आणि एएमडीचे ९० ते ९५ अंशांना पोचले की जळू नयेत म्हणून आपणच वेग कमी करतात. म्हणजे जास्तीच्या वेगासाठी मोजलेले पैसे ऐन उन्हाळ्यात वाया. म्हणून घरच्या कामाला मी ६५ वॉटच्या आतबाहेरचे प्रोसेसर सुचवते. डब्यात मिळणाऱ्या छोट्या पंख्याऐवजी १२० मिलिमीटरच्या पंख्याचा उभा हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारी धातूची पाती, लावला तर उत्तम. लिक्विड कूलिंगच्या भानगडीत घरच्या माणसाने पडू नये. त्या पैशांत एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, एक पायरी वरचा येतो.

एसएमपीएसकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं, म्हणून त्याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे. भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेऊन तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून आतल्या प्रत्येक पार्टला पुरवणारा हा डबा. दुकानात बहुतेक वेळा तो कॅबिनेटसोबत "फुकट" येतो आणि त्यावर ठळक अक्षरांत ४५० वॉट लिहिलेलं असतं. त्या अक्षरांवर जाऊ नका. डबा फिरवून बाजूचं लेबल वाचा. तिथे १२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअरचा आकडा असतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड याच १२ व्होल्टवर चालतात. समजा तिथे १६ अँपिअर लिहिलंय, तर १२ गुणिले १६, झाले १९२ वॉट. खऱ्या कामाला एवढेच, बाकीचे कागदावर. चांगल्या ४५० वॉटच्या एसएमपीएसवर तोच आकडा ३६-३७ च्या घरात असतो. हातात घेतलं तरी फरक कळतो, चांगला डबा वजनाला भारी लागतो.

लेबलवरची दुसरी ओळ इनपुटची. काहींवर २०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, काहींवर १०० ते २४०. खेड्यात संध्याकाळी सगळ्यांच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज कुठपर्यंत खाली येतं, ते ट्यूबलाइटची फडफड पाहिलेल्या कुणालाही सांगायला नको. १०० ते २४० वाला एसएमपीएस अशा वेळी मुकाट्याने काम करत राहतो, २०० ते २४० वाला मात्र कॉम्प्युटर बंद पाडतो. १०० ते २४० वाला आणला तर वेगळ्या स्टॅबिलायझरची बहुधा गरज पडत नाही.

आता ८० प्लस, हा एसएमपीएसवरचा शिक्का. त्यात ब्राँझ, गोल्ड अशा पायऱ्या असतात. वीज किती वाया जाते, म्हणजे डब्यात किती उष्णता होते, ते त्यावरून कळतं. घराला ब्राँझ पुरे. पण ही चाचणी २३ अंशांच्या आसपास घेतात, तेव्हा आपल्याकडे हिशेबात थोडी सैल जागा ठेवा. हिशेब ३०० वॉटचा आला तर ४५० किंवा ५५० चा घ्या. आतल्या कपॅसिटरचं, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या पार्टचं, आयुष्य दर दहा अंश वाढीला साधारण निम्मं होतं, आणि १०५ अंशांचे कपॅसिटर ८५ वाल्यांपेक्षा कितीतरी जास्त टिकतात. कंपनीच्या माहितीपत्रकात एवढं शोधा.

यापुढची गोष्ट दुकानदार सांगत नाही, कारण ती दुकानात मिळतच नाही. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, अशी तक्रार घेऊन बरेच जण येतात. "मशीन खराब निघालं" म्हणतात. मशीन सहसा चांगलंच असतं. एसएमपीएसमध्ये विजेचा गोंगाट गाळून जमिनीत सोडायला छोटे कपॅसिटर बसवलेले असतात. प्लगमधली तिसरी, जाडी पिन जमिनीपर्यंत पोचत नसेल तर तो प्रवाह पत्र्यावरच अडकतो आणि पत्र्यावर पुरवठ्याच्या निम्मं व्होल्टेज दिसतं. प्रवाह अगदी क्षीण असतो, माणसाला बहुधा इजा होत नाही, पण टेस्टर लावला तर लुकलुकतो. हेडफोनमधला घुर्र आवाज पुष्कळदा इथूनच येतो, पेनड्राइव्ह आणि पोर्ट खराब व्हायलाही हे निमित्त पुरतं. आणि खरा शॉर्ट झाला, तर वीज जायला तुमच्या हाताशिवाय दुसरी वाट उरत नाही.

जुन्या घरांत बोर्डावर तीन भोकं असतात, मागे तिसरी तार नसते. असते तिथेही उन्हाळ्यात दगा होतो. आपली काळी माती वाळून भेगाळते आणि अर्थिंगच्या सळईची मातीशी गाठ सुटते. मीठ-कोळसा घातलेला खड्डा असेल तर मार्चपासून आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी टाकत जा. वायरमनला बोलवून अर्थिंग तपासून घ्या. मी तर म्हणते, बजेट तंग असेल तर रॅम नंतर वाढवा, पण अर्थिंग आधी करा. ते करताना फ्रिज आणि गीझरचंही भलं होतं.

घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं छोटं बटण बघा. तिथे यूपीएस आणि नॉर्मल असे दोन पर्याय असतात. लाइट गेल्यावर एसएमपीएस आतल्या साठ्यावर जेमतेम सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर सहसा तेवढ्यात धावून येतो, नॉर्मलमध्ये पंखा चालू राहतो आणि कॉम्प्युटर बंद पडतो. इन्व्हर्टर साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा, असावा. स्क्वेअर वेव्हच्या तुटक लहरीवर चांगल्या प्रतीचे एसएमपीएससुद्धा गुरगुरतात, कधी बंदही पडतात. वेगळा यूपीएस घेणार असाल तर ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट नव्हे, साधारण ३६० वॉट. बॅटरी उन्हाने लवकर बसते, त्यामुळे यूपीएस खिडकीपाशी किंवा कॅबिनेटच्या गरम हवेच्या तोंडावर ठेवू नका.

कॅबिनेट निवडताना आपल्याकडे धूळ आणि कापूस विसरून चालत नाही. भाव वाढेल म्हणून कापूस दोन-तीन महिने घरातच ठेवायची आपली रीत आहे. त्याचे तंतू हवेत असतात आणि पंखा ते ओढून घेतो. अशा एका घरातला कॉम्प्युटर मी उघडला, तेव्हा हीटसिंकच्या पात्यांमध्ये गोधडीत भरावा तसा कापूस दाबून बसला होता. पंखा जोरात फिरत होता आणि हवा पलीकडे जातच नव्हती. धाब्याचं, म्हणजे मातीच्या छताचं, घर उन्हाळ्यात गार राहतं, कॉम्प्युटरला त्या अर्थाने ते पत्र्याच्या खोलीपेक्षा कितीतरी चांगलं, पण वरून माती झिरपते. तिथे माथ्यावर मोठी जाळी असलेलं कॅबिनेट नको. माथा बंद आणि पुढून जाळी, जाळीमागे काढून धुता येईल असं फिल्टर, हे पाहून घ्या. आत हवा घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवा. मग आतली हवाच फटींतून बाहेर पडते आणि धूळ फक्त फिल्टरवर अडते. पुढे सलग काच आणि आत रंगीत दिवे, अशी कॅबिनेटं मुलांना फार आवडतात. पुढून हवेला वाट नसेल तर ती आपल्या हवामानात घेऊ नयेत, मुलं रुसली तरी. मागच्या रिकाम्या खाचांच्या पट्ट्या फेकू नका, पाली तिथूनच आत शिरतात.

आणि कूलर. उन्हाळ्यात कॉम्प्युटरलाही गार हवा मिळावी म्हणून लोक तो कूलरच्या समोर ठेवतात. त्या हवेत ओल असते, कधी बोअरच्या क्षाराच्या पाण्याचे बारीक शिंतोडेही. मदरबोर्डच्या मागच्या पोर्टांभोवती पांढरी पुटं आणि तांब्यावर हिरवट गंज दिसला की मी कूलर कुठे आहे ते विचारते. ओल आणि धूळ एकत्र आली की पंख्यावर चिकट थर बसतो, तो ब्लोअरनेही निघत नाही. कूलर खोलीत जरूर असावा, हवेचा झोत मात्र कॅबिनेटवर नको. साफसफाई कापूस विकला गेल्यावर, होळीच्या आसपास करावी. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. पंक्चरच्या दुकानातल्या हवेने साफ करू नका, त्या हवेत पाणी असतं.

एवढं झालं की प्रोसेसर. अभ्यास, ऑनलाइन फॉर्म, टायपिंग, हिशेब, सिनेमे यासाठी इंटेलचा आय-३ १२१०० आजही भरपूर आहे. नावापुढे एफ असलेला घेऊ नका, त्यात चित्र दाखवायची सोय नसते आणि वेगळं कार्ड घ्यावं लागतं. मुलं थोडेफार गेम खेळणार असतील तर एएमडीचा रायझन ५ ५६००जी. पुढे कधीतरी प्रोसेसर बदलायचा विचार असेल तर एएम५ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसायची जागा) मदरबोर्ड आणि त्यावर बसणारा एएमडीचाच प्रोसेसर घ्या. हे सॉकेट २०२२ मध्ये आलं, त्यावर फक्त डीडीआर५ प्रकारची रॅम चालते.

एका जाहिरातीपासून मात्र सावध राहा. "आय-७ कॉम्प्युटर, मॉनिटरसह, अगदी स्वस्तात." पूर्ण नंबर विचारा. ३७७० निघाला तर तो प्रोसेसर २०१२ सालचा आहे. त्यात चार कोअर (काम करणारे भाग), आठ थ्रेड (एका वेळी हाताळायची कामं). २०२२ च्या आय-३ १२१०० मध्येही चार कोअर, आठ थ्रेडच आहेत, पण हा आय-३ त्या आय-७ च्या खूप पुढे धावतो आणि वीजही कमी खातो. विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते, तेव्हा जुन्या आय-७ वर ती रीतसर चालणारच नाही. शेतकऱ्याने मुलीच्या कॉलेजसाठी पै-पै जमवून असं मशीन घरी आणलेलं पाहिलं की मला फार वाईट वाटतं.

रॅम १६ जीबी, पण ८ च्या दोन पट्ट्या. प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स वापरणार असाल तर एका पट्टीवर ते बराचसा दम गमावतं. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेत, कारण चिप बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळला. त्यामुळे ३२ चा हट्ट सध्या नको. साठवणीला एसएसडी, एनव्हीएमई या वेगवान प्रकारची, ५०० जीबी. लग्नाचे व्हिडिओ साठवायला जुनी हार्ड डिस्क चालू असेल तर तीच जोडून टाका. मॉनिटर डोळ्यांना बरा वाटेल तो, आयपीएस पॅनलचा.

पार्ट जळगावच्या गोलाणी मार्केटमधून घ्या, नाशिकहून आणा की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, किंवा घरबसल्या मागवा. विचारायचं एकच, बिघडला तर कुठे द्यायचा आणि परत यायला किती दिवस लागतील. शंभर-दोनशे रुपये जास्त देऊन जळगावात बदलून मिळत असेल तर जळगावातच घ्या. पक्क्या बिलावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर लिहून मागा. डब्यातल्या प्रोसेसरला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. ट्रेमधला सुटा प्रोसेसर थोडा स्वस्त पडतो, पण त्याची जबाबदारी दुकानदाराच्या शब्दावर राहते. बिलाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण गुळगुळीत थर्मल कागदावरच्या बिलाची अक्षरं आपल्या उन्हाळ्यात लवकर उडतात.