बर्फाच्या शब्दांची मोजदाद

एस्किमोंच्या भाषेत बर्फासाठी शंभर शब्द आहेत, हे विधान इतक्या ठिकाणी वाचायला मिळते की त्याची शहानिशा करावी असे सहसा कुणाला वाटत नाही. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी १९११ मध्ये दिलेली उदाहरणे मात्र अवघी चार होती: जमिनीवर साचलेल्या बर्फाला ‘अपुट’, पडत असलेल्या बर्फाला ‘काना’, वाऱ्याबरोबर वाहत जाणाऱ्या बर्फाला ‘पिक्सिरपोक’ आणि वाऱ्याने रचलेल्या ढिगाला ‘किमुक्सुक’. पुढे १९४० मध्ये भाषाशास्त्रज्ञ बेंजामिन ली व्होर्फ यांच्या लेखात ही संख्या वाढली, मग वृत्तपत्रांनी ती मनाला येईल तशी फुगवली. १९८६ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ लॉरा मार्टिन यांनी या आकड्याचा माग काढून दाखवला.

मुळात ‘एस्किमो’ नावाची एकच एक भाषा नाही. इनुइट आणि युपिक अशा अनेक भाषा आहेत (आणि ‘एस्किमो’ हे नाव आज त्या बोलणाऱ्यांपैकी अनेकांना अपमानास्पद वाटते). शिवाय या भाषांत प्रत्ययामागून प्रत्यय जोडत अख्खे वाक्य एकाच शब्दात मावते, त्यामुळे असे शब्द मोजायला बसल्यास बर्फाचेच काय, माशांचेही हजारो निघतील. मोजायचेच असेल, तर प्रत्यय बाजूला ठेवून मूळ शब्द मोजणे मला अधिक रास्त वाटते.