पंप बदलून झाला, गाडी तरी बंदच

‘इथे तर चालू आहे ना गाडी, मग मी काय बघू?’ हे वाक्य दोन गॅरेजांत मिळून मी पाच वेळा ऐकलं. चालती गाडी मध्येच बंद पडते या दोषाची खरी गोम तिथेच आहे. टोचन करून नेईपर्यंत इंजिन थंड होतं आणि मेस्त्रींसमोर अर्ध्या सेल्फवर सुरू होतं. मग अंदाजपंचे पार्ट बदलणं सुरू.

गाडी पेट्रोल हॅचबॅक, ९० हजार किलोमीटर चाललेली. उन्हात पाऊण तास पळाली की दिवा मालवावा तशी बंद. आधी झटका नाही की मिसिंग नाही. अर्धा तास बॉनेट उघडं ठेवलं की सुरू. यावर आधी प्लग बदलले, मग एक कॉइल, मग साडेसात हजारांचा पेट्रोल पंप. पंप बसवून तिसऱ्या दिवशी खंबाटकीच्या चढात पुन्हा तेच.

पंपावर संशय का गेला ते सांगतो, कारण या फेऱ्यात बरेच जण अडकतात. बंद गाडीला सेल्फ मारताना टाकीपाशी कान लावला तर पंपाचा आवाज येत नव्हता. निदान ठरलं: पंप गेला. पण चावी ऑन केल्यावर सुरुवातीचे दोनेक सेकंद पंप घूं करून थांबत होता, तिकडे कुणी लक्षच दिलं नाही. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांमध्ये ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) चावी ऑन होताच पंप दोन-तीन सेकंद चालवून लाइन भरते आणि मग पंपाचा रिले (वीज जोडणारा-तोडणारा स्विच) सोडते. त्यानंतर इंजिन फिरतंय असा सिग्नल क्रँक पोझिशन सेन्सरकडून (क्रँकशाफ्ट फिरतोय का ते सांगणारा सेन्सर) आला तरच रिले पुन्हा ओढते. अपघातात इंजिन थांबलं तर पेट्रोल वाहत राहू नये, म्हणून ही सोय. म्हणजे क्रँक सेन्सर गेला की पंपही गप्प, कॉइलही गप्प, इंजेक्टरही गप्प. पंप धडधाकट होता, त्याला कुणी चाल म्हणतच नव्हतं.

स्पार्क आणि पेट्रोल दोन्ही एकदम गेले असतील तर ते वेगवेगळे बिघडले नाहीत. दोघांच्या वर बसलेलं काहीतरी बिघडलंय: क्रँक सेन्सर, मेन रिले, ईसीयूचा फ्यूज किंवा अर्थिंग, नाहीतर इग्निशन स्विच. यांतला फरक ओळखायला बंद गाडीत चावी ऑन करून इंजिन चेक लाइट बघा. ती पेटतच नसेल तर ईसीयूला सप्लाय नाही, मेन रिले आणि फ्यूजकडे जा. फ्यूज बॉक्समध्ये त्याच नंबरचा रिले दुसरीकडे असतो, बऱ्याचदा हॉर्नचा. अदलाबदल करा, दोन मिनिटांचं काम. लाइट पेटते, सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही, तर सेन्सर बघा. इमोबिलायझरचा (चोरीरोधक यंत्रणेचा) दिवा लुकलुकत असेल तर ती भानगड निराळी.

यापेक्षा सोपी खूण डॅशबोर्डवरच होती. मला ती तिसऱ्या वेळी शिरवळजवळच्या सपाटीवर दिसली. गाडी चौथ्या गिअरमध्ये, क्लच दाबलेला नाही, म्हणजे चाकं इंजिनाला फिरवत होती. तरी आरपीएमचा काटा २४०० वरून थेट शून्यावर पडला. इंजिन फिरतंय आणि काटा शून्यावर, म्हणजे क्रँकचा सिग्नल तुटला. पेट्रोल कमी पडलं असतं तर काटा वेगाबरोबर हळूहळू उतरला असता आणि गाडीने आधी आचके दिले असते. गाडी बंद पडते त्या क्षणी काटा बघणारा कुणी शेजारी बसवा, निम्मं निदान तिथेच होतं.

आता सर्वांत जास्त संताप आला ती गोष्ट. दुसऱ्या गॅरेजात चेक लाइट ‘घालवायला’ बॅटरीचं टर्मिनल काढून ठेवलं. पेटलेली लाइट हा पुरावा असतो, तो पुसून टाकला. ईसीयूने नोंदवलेला कोड पी०३३५ किंवा पी०३३६ (क्रँक सेन्सरच्या दोषाचे) असता तर दोन महिने वाचले असते. कोड वाचून त्याचा फोटो काढल्याशिवाय टर्मिनलला हात लावू देऊ नका. ब्लूटूथचा साधा स्कॅनर स्वस्तात मिळतो आणि स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लागतो. कोड नसला म्हणजे सेन्सर ठीक, असंही नाही. सिग्नल गायब झाला की कित्येकदा ईसीयू इंजिन थांबलं असंच समजते आणि काहीच नोंदवत नाही. म्हणून स्कॅनरवर लाइव्ह डेटा (त्या क्षणाचे आकडे) लावा. सेल्फ मारताना आरपीएम २०० च्या आसपास दिसायला हवा. माझ्या गाडीत थंड असताना २१०, बंद पडल्यावर सपशेल ०.

सेन्सर बहुधा गिअरबॉक्सच्या बाजूला फ्लायव्हीलवर किंवा पुढे क्रँक पुलीजवळ असतो, एका १० मिमी बोल्टवर. दोन वायरींचा असेल तर कपलर काढून मल्टिमीटरने ओहम मोजा. माझा थंड असताना ८९० दाखवत होता. बाहेर काढून पाच मिनिटं हेअर ड्रायर मारला तर आकडा वर-खाली नाचला आणि मग ओपन, म्हणजे सर्किट तुटलेलं. आतली बारीक तार उष्णतेने प्रसरण पावली की तुटते, थंड झाली की पुन्हा चिकटते. तीन वायरींचा हॉल सेन्सर (चुंबकीय बदल ओळखणारा इलेक्ट्रॉनिक प्रकार) मात्र ओहमवर तपासू नका, त्याचा सप्लाय, अर्थिंग आणि सिग्नल बघायचा.

नवा घेण्याआधी वायरिंग हलवून बघा. इंजिन आयडलवर ठेवून हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवताना आरपीएम डगमगला तर दोष वायरीत किंवा कपलरच्या सैल पिनेत. एक्झॉस्टजवळून गेलेली वायर वितळलेली सापडते. सेन्सर काढताना प्लास्टिक ओढू नका, तुटून अडकतं. डावी-उजवीकडे फिरवत काढा, टोकाच्या चुंबकाला चिकटलेला लोखंडी कीस पुसा आणि नव्या ओ-रिंगला तेलाचं बोट लावा. पार्ट ओरिजिनलच घ्या. मला १,४५० ला पडला, बसवायला वीस मिनिटं लागली.

हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं: चालत्या गाडीत इंजिन गेलं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेक हलका करणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांपुरताच उरतो. ब्रेक पंप करू नका, एकदाच दाबून धरा. चावी लॉकपर्यंत फिरवू नका.

रस्त्यातच अडकलात आणि सेन्सर हाताला लागत असेल तर त्यावर ओलं फडकं ठेवा, एक्झॉस्टपासून हात जपून. माझी अर्ध्या तासाऐवजी पाच मिनिटांत सुरू झाली, आणि संशय पक्का झाला तो तेव्हाच. बदललेले पार्ट गॅरेजमधून मागून घ्या. माझा जुना पंप माळ्यावर आहे, काही बिघडलेलं नाही त्याचं.