सावळा रंग, प्रोफेशनल फोटो आणि कपड्यांची निवड - माझा अनुभव

मी पुण्यात समुपदेशक म्हणून काम करते. इतकी वर्षं एका संस्थेत होते त्यामुळे फोटोचा प्रश्न कधी आलाच नाही, पण आता स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली आणि वेबसाइट, लिंक्डइन, व्याख्यानांची पत्रकं, जिथेतिथे "मॅडम, एक चांगला फोटो पाठवा ना" सुरू झालं. जवळ होता तो जुन्या नोकरीतला, सगळ्यांना काळे ब्लेझर घालायला लावून गडद पडद्यापुढे उभं करून काढलेला. त्यात केस काळे, ब्लेझर काळा, मागचा पडदा काळा, मधे नुसता चेहरा, आणि तो चेहराही एडिट करून चांगला दोन शेड गोरा केलेला. मला तो वापरायचाच नव्हता. माझ्याकडे पहिल्यांदा येणारा माणूस आधीच बिचकत येतो, फोटोत बघितलेली बाई आणि समोर दार उघडणारी बाई एकच आहे असं त्याला वाटलं पाहिजे, माझ्या कामात ही फार मोठी गोष्ट आहे.

तर मैत्रिणीने एक फोटोग्राफर सुचवला, त्यांच्याशी फोनवर बोलले. ते म्हणाले, ताई ४-५ कपडे घेऊन या, पण आरशात बघून ठरवू नका, घरी खिडकीपाशी उभं राहून मोबाईलवर फोटो काढून बघा. हा सल्ला इतका कामाचा निघाला की काय सांगू. आरशात आपण स्वतःला डोक्यापासून पायापर्यंत बघतो, प्रोफाइल फोटोत मात्र छातीच्या वरचंच येतं आणि लिंक्डइनवर तर तेही गोलात कापलं जातं. म्हणजे सलवार कशी आहे, साडीच्या निऱ्या कशा पडल्यात, याला काही अर्थ नाही, गळा, खांदे आणि हनुवटीखालची वीतभर जागा एवढंच महत्त्वाचं. आमच्या हॉलच्या खिडकीतून थेट ऊन येत नाही, नुसता उजेड येतो, तिथे मी उभी राहायचे आणि वहिनी फोटो काढायची. जागा तीच, अंतर तेच, फक्त कपडे बदलायचे. मग गॅलरीत सगळे फोटो छोटे करून शेजारी शेजारी बघायचे. कुठल्या फोटोत नजर आधी चेहऱ्यावर जाते आणि कुठल्यात कपड्यावर, ते लगेच कळतं, कोणाला विचारावं लागत नाही.

आता रंगाचं. मी सावळी आहे. आमच्याकडे लहानपणापासून आत्या, काकू, दुकानातला साडीवाला, सगळ्यांनी एकच सांगितलं, सावळ्या मुलीने फिक्के रंग घालावेत म्हणजे उजळ दिसते. त्यामुळे माझं अर्धं कपाट पिस्ता, मोतिया, अबोली असल्या रंगांनी भरलेलं. खिडकीपाशी काढलेल्या फोटोंत नेमकं उलटं दिसलं. मोतिया कुर्त्यात फोटोतली सगळ्यात उजळ गोष्ट म्हणजे तो कुर्ताच, आणि त्याच्या शेजारी चेहरा आणखी गडद वाटतो. फोटोग्राफरनी नंतर कारण समजावलं. कॅमेऱ्याचं ऑटो मीटर समोरचं सगळं सरासरीने मध्यम करडं आहे असं धरून उजेड ठरवतं, फ्रेममध्ये पांढरं-फिक्कं जास्त असलं की ते उजेड कमी करतं आणि त्यात चेहराही काळवंडतो, काळे कपडे असले की उलटं. स्टुडिओत ते हे हाताने सेट करतात पण मोबाईलवर आणि कार्यक्रमात कोणी काढलेल्या फोटोत बरेचदा हेच होत असतं.

आणि मग वहिनीने तिचा वांगी रंगाचा कुर्ता दिला. तो फोटो बघून आम्ही दोघी गप्पच झालो, इतका चेहरा उठून आला होता. मोरपंखी, डाळिंबी, आमसुली, हळदीचा जरा दबका पिवळा, हे सगळे रंग छान आले. गडद पण काळे नाहीत, म्हणजे कापडाचा पोतही दिसतो आणि चेहऱ्यापेक्षा वरचढही होत नाहीत. राणी कलर मला एरवी फार आवडतो पण फोटोत त्याची गुलाबी झाक हनुवटीखाली आणि गळ्यावर उतरते, भडक रंग चेहऱ्याजवळ असला की त्याचा उजेड परावर्तित होऊन त्वचेवर पडतो म्हणून. लिंबू कलरचंही तेच. पांढऱ्या कापडाचा उजेडही असाच खालून चेहऱ्यावर येतो आणि तो मात्र चांगला दिसतो हे खरंय, पण त्यासाठी पांढरं घालायची गरज नाही, शूटच्या दिवशी त्यांनी फ्रेमच्या खाली एक पांढरा थर्माकोल धरला, काम झालं.

या सगळ्याबद्दल वाचत असताना कळलं की फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्या लॅबना रंग जुळवण्यासाठी एक नमुना फोटो पाठवायची, त्याला शर्ली कार्ड म्हणायचे, आणि त्यावर कित्येक वर्षं गोरी बाईच असायची, वेगवेगळ्या वर्णाच्या बायका असलेलं कार्ड आलं ते थेट १९९०च्या दशकात. म्हणजे सावळ्या माणसांचे फोटो वाईट यायचे त्याला आमचा रंग कारण नव्हता, सगळी मोजपट्टीच दुसऱ्या कोणासाठी केलेली होती. मला हे वाचून खरंच राग आला. उजळ दिसण्यासाठी कपडे निवडणं मी त्या दिवशी सोडलं.

साडीवर मी बराच विचार केला, कारण व्याख्यानाला मी साडीच नेसते. पैठणी बाजूला ठेवली, फ्लॅशमध्ये तिची जरीची नक्षी चमकते आणि नजर तिथेच अडकते. आमसुली रंगाची कॉटन सिल्क निवडली, काठ अगदी बारीक, कारण मोठा काठ छातीवरून तिरका गेला की अर्ध्या फोटोत काठच काठ दिसतो. पदर मोकळा सोडला तर छान दिसतो पण दर दोन मिनिटांनी घसरतो, फार बारीक प्लेट्स केल्या तर एअर होस्टेससारखं दिसतं, म्हणून जरा रुंद प्लेट्स घेऊन पिन गळ्याजवळ न लावता खांद्याच्या शिवणीवर लावली. गळ्याजवळ पिन लावली की तिथे कापडाचा ढीग होतो आणि मान आखूड दिसते. ब्लाउजचंही तसंच, माझी मान मुळात आखूड, बोट नेक आणि बंद गळ्यात ती आणखी आखूड होते, व्ही किंवा थोडा खोल गोल गळा बरा. बाह्या कोपरापर्यंत घेतल्या. बाही जिथे संपते तिथे एक आडवी रेघ तयार होते, ती बरोबर छातीच्या लेव्हलला आली की आपण आहोत त्यापेक्षा रुंद दिसतो. स्लीव्हलेस मला आवडतं पण क्लोजअपमध्ये उघडा दंड बरीच जागा घेतो.

यानंतर टेलरकाका. रंगापेक्षाही फिटिंगने जास्त फरक पडतो असं माझं आता पक्कं मत झालंय. जॅकेटची खांद्याची शिवण दंडावर उतरत होती, ती खांद्याच्या हाडावर आणून घेतली आणि तेच जुनं नेव्ही जॅकेट नवं वाटायला लागलं. नवीन काही विकत घेतलं नाही, लक्ष्मी रोडला गेले ते फक्त पिना आणायला. (कपडा कुठे सैल असेल तर स्टुडिओत पाठीमागे चिमटे लावून तो ओढून घेतात, समोरून काही कळत नाही.)

आदल्या रात्री इस्त्री. लिननचा कुर्ता सुंदर होता पण रिक्षात बसून स्टुडिओत पोचेपर्यंत त्याची काय अवस्था होईल ते माहीत होतं, म्हणून तो रद्द. बाकी सगळं हँगरला लावूनच नेलं आणि घालून गेले साधा टॉप. गडद कपड्यांवरचे धागे-केस डोळ्याला दिसत नाहीत पण कॅमेऱ्यात एकेक दिसतो, सेलोटेप उलटी गुंडाळून सगळं टिपून काढलं.

शूटला मागचा पडदा मध्यम करडा घेतला, त्यावर वांगी आणि मोरपंखी दोन्ही नीट सुटे दिसतात. फोटो काढला की लगेच लॅपटॉपवर दिसत होता, त्यामुळे जॅकेटची कॉलर वर आलीये, टिकली सरकलीये, हे तिथल्या तिथे नीट करता आलं. एक युक्ती फार आवडली, बसून फोटो काढताना जॅकेटचं बटण उघडायचं आणि मागचा घोळ खाली ओढून त्यावर बसायचं, म्हणजे खांदे वर चढत नाहीत. चष्मा काढू का विचारलं तर ते म्हणाले रोज घालता ना, मग राहू दे, फक्त काड्या कानावरून किंचित वर उचलल्या की काच खाली झुकते आणि लाइटची चमक जाते. मंगळसूत्र रोजचं छोटं तेच ठेवलं, कानात मोती, बस.

एडिटिंगबद्दल मी आधीच स्पष्ट सांगितलं होतं, पुटकुळी काढा, डोळ्याखालची वर्तुळं थोडी कमी करा चालेल, रंगाला हात लावायचा नाही. त्यांनी एका शब्दाने वाद घातला नाही. वांगी कुर्ता आणि नेव्ही जॅकेटचा फोटो वेबसाइट आणि लिंक्डइनला लावला, साडीतला पत्रकांसाठी ठेवलाय, आणि दोन्हींत मी माझ्याच रंगाची आहे.

दादालाही ऑफिससाठी फोटो हवा होता, त्याला मी याच खिडकीपाशी उभं केलं. पुरुषांचं सोपं असतं असं वाटतं पण त्यांचे शर्ट सगळे बारीक चेक्स नाहीतर बारीक रेघांचे, आणि तशी बारीक नक्षी कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच्या पिक्सेलच्या जाळीशी जुळायला लागली की फोटोत शर्टावर लाटा उठल्यासारखे विचित्र पट्टे दिसतात, त्याला मॉअरे म्हणतात. कधीकधी मूळ फोटोत नसतात आणि छोटा केल्यावर उमटतात, आणि नंतर काढणं फार किचकट. त्याला साधा आकाशी शर्ट घालायला लावला, वर ब्लेझर. कॉलरमध्ये एक बोट सहज जाईल इतकी सैल हवी, त्याची फारच घट्ट होती, गळ्याची कातडी वर येत होती. आता पुढच्या रविवारी त्याचे सगळे शर्ट काढून बसणार आहोत.