तुम्ही विचारलंत म्हणून: विल्सनची पुस्तकं मी का वाचतो

आमचं घर माळकरी, आणि मी रात्री वाचत बसतो रेव्हरंड जॉन विल्सन. त्यामुळे "अहो, हिंदू धर्मावर टीका करणाऱ्या पाद्रीत तुम्हाला एवढं काय सापडलं?" हे मला लग्नात, लोकलमध्ये, कुठेही विचारतात. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

विल्सन कॉलेजवाले ते हेच विल्सन. स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियन, म्हणजे बिशप नाही, मंडळीनेच निवडलेले वडीलधारे पाद्रीबरोबर चर्चचा कारभार बघतात. १८२९ मध्ये आले, आधी कोकणात हर्णै-बाणकोटकडे राहून मराठी शिकले, मग मुंबई.

तर हिंदू धर्माची बाजू मांडणाऱ्या मोरभट्ट दांडेकरांशी त्यांचा मुंबईत धर्मावर वाद झाला, दांडेकरांनी आपल्या बाजूने पुस्तिका काढली आणि १८३२ मध्ये विल्सननी तिला उत्तर छापलं. भाषा फार कडक आहे, काही ठिकाणी मला आजही राग येतो, आणि तो येणारच. पण पुस्तक उघडलं की पहिलं काय लागतं माहितीये? दांडेकरांच्याच पुस्तिकेचं इंग्रजी भाषांतर! विल्सनचं उत्तर त्याच्यानंतर. ज्याला खोडायचंय त्याला आधी बोलू द्यायचं, तेही आपल्याच पुस्तकात, हे मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते पान कितीतरी वेळ उघडंच ठेवून बसलो होतो.

पारशी धर्मावरचं १८४३ चं पुस्तकही तसंच. शीर्षकातच सांगितलंय की हा धर्म उलगडून दाखवणार आणि खोडूनही काढणार, पण त्यासाठी माणूस जेंद अवेस्तात, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथात शिरला, आणि परिशिष्टात जरथुश्त्रनाम्याचं, म्हणजे त्यांच्या प्रेषिताच्या फारसी चरित्राचं भाषांतर दिलं, ते ईस्टविक नावाच्या इंग्रज अभ्यासकाने केलेलं. नंतर प्राचीन भारतावर, जातिव्यवस्थेवरही लिहिलं. जातींवरचे दोन खंड १८७७ मध्ये आले, ते स्वतः १८७५ मध्येच गेले होते.

मला त्यांचा निष्कर्ष पटत नाही, अजिबात नाही, पण समोरच्याचं एवढं वाचून मग भांडणारा माणूस मला हवा असतो, आणि तो जिथे भेटेल तिथे मी जातो.

दांडेकरांनंतर साताऱ्याचे नारायणराव हिंदू धर्माच्या बाजूने पुढे आले, त्यांनाही विल्सननी १८३४ मध्ये वेगळं पुस्तक लिहून उत्तर दिलं. सध्या तेच चालू आहे. प्रिंटआउट काढलंय, आणि जिथे राग येतो तिथे समासात पेन्सिलने नारायणरावांच्या बाजूने लिहितो.