यवतमाळ ते मूर्तिजापूर: शकुंतलेच्या वाटेवर तीन मांडण्या आणि एक भिंत

शकुंतला आता धावत नाही. यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूरला जाणारा ११३ किलोमीटरचा हा नॅरोगेज मार्ग ब्रिटिश काळात टाकला गेला, तो वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडे न्यायला. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत इथे चाललं. मग डिझेल आलं आणि पुढे गाडीच थांबली. दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. या मार्गावरच्या गावांत आम्ही उघड्यावर तीन कलामांडण्या केल्या आणि शेवटी एका भिंतीवर चलचित्रं दाखवली. पहिली मांडणी याच मापावर उभी होती.

चार दिवस, एक छोटा हत्ती (मालवाहू टेम्पो), पाच माणसं. दिवस संक्रांतीनंतरचे निवडले. त्याआधी वेचणीची घाई असते आणि घरात माणूस सापडत नाही. मार्चनंतर ऊन दुपारी अकरालाच रस्ते रिकामे करतं. एप्रिल-मेमध्ये वावधन सुटलं की कापडाचं काही उभं राहत नाही. जानेवारीत पहाटे थंडी असते, पण दिवसभर माणसं बाहेर असतात. शिवाय जिनिंगसमोर, म्हणजे कापसातून रुई (तंतू) आणि सरकी (बी) वेगळी करणाऱ्या कारखान्यासमोर, कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते, आणि ही रांग हवीच होती. दालनात माणूस चित्र पाहायला येतो. गावात तो एसटीची, काट्याची, चक्कीची वाट पाहत थांबलेला असतो. तोच इथला प्रेक्षक. त्याची सावली किंवा टेकायची जागा अडवली, की काम कितीही चांगलं असो, संध्याकाळपर्यंत बाजूला सरकवलेलं दिसतं.

गाडी आणि सामान

छोट्या हत्तीचा हौदा साधारण सात फूट लांब आणि पावणेपाच फूट रुंद असतो. त्यामुळे सात फुटांपेक्षा लांब एकही तुकडा करू नका. बांबू बारा फुटीच हवे असतील तर गावातच घ्या, आणि परत द्यायच्या बोलीवर घ्या. मंडपवाल्याकडे बल्ल्या, सुतळी, शिडी सगळं मिळतं, आणि कुठल्या गल्लीत खड्डा खणला तर पाण्याची पाइपलाइन फुटेल हेही त्यालाच माहीत असतं. सोबत न्यायलाच हवं असं सामान: पहार, दोन घमेली, ओळंबा, तीस मीटरचा टेप, सुतळीचे चार गट्टू, मांजरपाटाचा अर्धा ताका, पाण्याचा कॅन आणि झाडू. झाडू विसरू नका. काम मांडण्याआधी जागा झाडून घेतली की आजूबाजूची माणसं आपण होऊन बोलायला येतात.

फ्लेक्स मात्र टाळा. फ्लेक्स दिसला की तो वाढदिवसाचा किंवा निवडणुकीचा, एवढं गृहीत धरून नजर पुढे जाते. मांजरपाटावर हाताने रंगवलेली अक्षरं लोक थांबून वाचतात. दहा फुटांवरून वाचायची असतील तर अक्षराची उंची किमान एक इंच ठेवा, आणि अख्ख्या फलकावर चाळीसपेक्षा जास्त शब्द नकोत.

परवानग्या

दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर इथे नगरपरिषद आहे, म्हणजे अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे. खेड्यात ग्रामपंचायत. सरपंचांनी तोंडी "करा ना जी, काय होते" म्हटलं तरी मासिक सभेत विषय ठेवून घ्या आणि ठरावाची प्रत खिशात ठेवा. सभा महिन्यातून एकदा, म्हणून तयारी दीड-दोन महिने आधी सुरू होते. एसटी स्टँडसाठी आधी आगार व्यवस्थापकांना भेटा, मग विभाग नियंत्रकांच्या कार्यालयात अर्ज द्या. स्टँडच्या भिंती बहुधा जाहिरातीच्या कंत्राटात गेलेल्या असतात, म्हणून भिंत न मागता मोकळी जमीन मागा. आठवडी बाजारात वसुलीच्या ठेकेदाराची पावती इतर दुकानदारांसारखीच फाडा. पावती हातात असली की "तुम्ही कोण?" हा प्रश्न मिटतो.

रेल्वेच्या हद्दीत मात्र पाऊल नको. गाडी बंद आहे म्हणून रूळ सार्वजनिक होत नाहीत. विनापरवानगी शिरल्यास रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हेमाडपंती देवळाचा परिसर मोह घालतो, पण ते केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक असेल तर भोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. ध्वनिक्षेपक रात्री दहा ते सकाळी सहा बंद.

पहिली जागा: दारव्हा मोतीबाग

स्थानकाकडून वस्तीकडे येणाऱ्या रस्त्यावर, रेल्वेच्या हद्दीबाहेर, फक्कीच्या दोन समांतर रेषा. मधलं अंतर बरोबर ७६२ मिलिमीटर, रेषेची रुंदी दोन इंच, लांबी दोनशे मीटर. एवढीच मांडणी. मैदान आखायला वापरतात ती फक्की घ्या. दोन इंची रेषेला शंभर मीटरमागे पाच-सहा किलो लागते. म्हणजे दोन रेषांना चोवीस किलो, आणि पुन्हा आखावं लागणारच म्हणून एकूण पन्नास किलो न्या. चुन्याची पूड वापरू नका. अनवाणी पायांना आणि लहान पोरांच्या डोळ्यांना ती भाजते.

अंतर कायम राहावं म्हणून ७६२ मिलिमीटर लांबीची एक लाकडी पट्टी कापून घ्या आणि दर दोन मीटरवर टेकवत जा. वळणावर खरी गंमत आहे. दोन्ही बाजूंना वेगवेगळी दोरी लावली तर आतली रेषा भरकटते. आधी बाहेरची रेषा आखा आणि पट्टी तिला काटकोनात धरून आतल्या रेषेचे ठिपके घ्या. पहाटे साडेपाचला सुरुवात केली तर गुरं सुटण्याआधी काम होतं. आठ वाजता ट्रॅक्टरची चाकं रेषा फासू लागतात आणि दहापर्यंत अर्धी रेषा गेलेली असते. हे बिघडणं नाही, कामाचा भागच आहे, पण पुसलेली रेषा भरायला एक माणूस झोळी घेऊन दिवसभर हवा. पाहणाऱ्यांशी सगळ्यात जास्त बोलणं या माणसाचंच होतं. म्हाताऱ्यांना रेषा दाखवाव्या लागत नाहीत. ते दोन्ही पाय दोन रेषांवर ठेवून अंतर मापतात आणि म्हणतात, "हं, एवढीच होती."

दुसरी जागा: कारंज्याच्या बाजूला, जिनिंगच्या फाटकाबाहेर

जिनिंगच्या आत काहीच मांडू नका. हवेत रुईचा तंतू उडत असतो. एक ठिणगी, एक सैल वायर, एक बिडी पुरे होते. फाटकाबाहेर, रांगेच्या कडेला, विजेशिवायचं काम ठेवा.

इथे तीन तराजूकाटे तिवईवर टांगले. एकाच्या जाळीदार पिशवीत दहा किलो कापूस, दुसऱ्यात तेवढ्याच कापसातून निघते तेवढी रुई, तिसऱ्यात सरकी. क्विंटलभर कापसातून ३३ ते ३५ किलो रुई निघते, म्हणून दहा किलोला ३.४ किलो रुई आणि साधारण ६.४ किलो सरकी. उरलेला दीड-दोनशे ग्रॅमचा कचरा आणि घट खाली मातीवर कागदात ठेवला. वजनं आदल्या दिवशी प्रमाणित काट्यावर करून घ्या. रांगेतला शेतकरी ती वजनं काट्यावर वाचतो आणि मनात हिशेब करतो. शंभर ग्रॅमचा फरक असला तर काम तिथेच संपतं, कारण मग चर्चा फक्त काटा मारण्यावर होते. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ओलावा ८ ते १२ टक्क्यांच्या आत लागतो. त्यामुळे रांगेत ओलाव्यावरून डोकी आधीच तापलेली असतात, तिथे आणखी शंकेला जागा नको.

या मांडणीत चूक झाली ती सरकीची उंची ठरवताना. पिशवी जमिनीपासून तीन फुटांवर होती. रांगेतल्या बैलाने मान वर करून जाळी फाडली आणि पाऊण किलो सरकी फस्त केली. सरकी-ढेप हे गुरांचं आवडतं खाद्य, हे आधीच लक्षात यायला हवं होतं. पिशव्या पाच फुटांवर टांगा. काट्याची डायल खालून वाचता येईल अशी ठेवा.

खांब रोवण्याबद्दल थोडं सविस्तर. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, म्हणून त्याच मातीने भरलेल्या खड्ड्यातला खांब दोन दिवसांत डुलतो. खड्डा अडीच फूट घ्या, खांब ठेवून मुरूम भरा, दर सहा इंचांना थोडं पाणी शिंपडा आणि पहारीच्या बोथट टोकाने ठोका. कापड लावणार असाल तर हिशेब आधी करा. ताशी चाळीस किलोमीटरच्या वाऱ्यात दर चौरस मीटरवर सात-साडेसात किलोचा दाब येतो. दहा बाय सहा फुटांच्या कापडावर चाळीस किलोंच्या वर. म्हणून वरची बाजू नायलॉन दोरीने आणि खालची कच्च्या सुताने बांधा. वारा वाढला की सूत तुटतं, कापड मोकळं फडफडतं आणि खांब वाचतो.

तिसरी जागा: आठवडी बाजार

बाजाराचा वार दर गावाचा वेगळा, तो आधी विचारून मगच मार्ग ठरवा. आमचा मार्ग उलटसुलट झाला तो यामुळेच.

बाजाराच्या गोंगाटात स्पीकरचा आवाज कुणाला ऐकू येत नाही. म्हणून सहा माठ तिवईवर ठेवले, प्रत्येकात मुठीएवढा स्पीकर, आणि त्यात शकुंतलेने प्रवास केलेल्या माणसांच्या दोन-दोन मिनिटांच्या आठवणी. कान माठाच्या तोंडाशी नेला तरच ऐकू येतं. रिकाम्या माठात आवाज घुमतो आणि शब्द कळत नाहीत. तळाशी दोन इंच चिंध्यांचा थर द्या, स्पीकर त्यावर ठेवा, आवाज अर्ध्यावर ठेवा. चार माठांची तोंडं तीन फुटांवर, दोनांची दोन फुटांवर, म्हणजे पोरांना आणि खाली बसलेल्या भाजीवाल्या बायांनाही पोचतात. माठांमध्ये पाच फूट अंतर हवं. ध्वनिफिती मेमरी कार्डावर ठेवा. ब्लूटूथवर विसंबाल तर फोन घेऊन चहाला गेलेला माणूस सगळं बंद पाडतो.

आणि माठाच्या तोंडावर पातळ कापड बांधाच. पहिल्या तासाभरात एका माठात खर्ऱ्याची पिचकारी पडली, दुसऱ्यात बसचं तिकीट आणि शेंगांची टरफलं. तोंड उघडं, तिवईवर उभं भांडं म्हणजे थुंकदाणी, असा समज होण्यात लोकांची काही चूक नाही. पांढरं मलमल सुतळीने घट्ट बांधल्यावर तो प्रकार थांबला.

"हे काय व्हय भाऊ?" आणि "इकाले हाय का?" हे दोन प्रश्न दिवसभर येतात. "कला आहे" असं उत्तर दिलं की संवाद मिटतो. "ऐकून पाहा, गाडीची गोष्ट हाय" एवढं पुरतं. ज्यांचे आवाज आहेत त्यांची परवानगी त्यांच्याच गावात वाजवण्यासाठीही वेगळी घ्या. बाजारात आवाज ओळखला जातोच.

जागा निवडताना गावाची बसण्याची रचना पाहा. देवळाच्या पारावर कोण बसतं आणि कोण कधीच बसत नाही, हे दहा मिनिटं उभं राहून कळतं. पारावर काम ठेवलं तर अर्धं गाव ते पाहणार नाही, आणि बायका तर नाहीच. बाजार, शाळेचं मैदान, चक्की, हातपंप या जागा जास्त मोकळ्या. हातपंपाचा विचार करत असाल तर कलाकार नवजोत अल्ताफ यांनी बस्तरमध्ये कोंडागाव परिसरात स्थानिक आदिवासी कलाकारांबरोबर केलेली 'नलपार'ची, म्हणजे हातपंपाभोवतीच्या रचनांची, कामं आधी पाहा. भरलेली घागर डोक्यावर घेताना ती मध्ये कुठे टेकवायची, या प्रश्नापासून ती रचना सुरू होते.

शेवटची संध्याकाळ: भिंतीवरचा प्रकाश

मूर्तिजापूरच्या अलीकडच्या एका खेड्यात, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चलचित्रं. भिंतीला चुन्याचा एक हात दिला तर पडद्याची गरज नाही. तेलरंग चमकतो, चुना चमकत नाही. वीज गावठाण फीडरवरून, मीटर असलेल्या जागेतूनच घ्या. शेतीच्या फीडरला पाळी असते, ती भर कार्यक्रमात संपते. आकडा टाकायची "सोय" कुणी सुचवलीच तर हात जोडा. बॅटरीवर चालवायचं असेल तर १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून निम्मीच वीज काढा. इन्व्हर्टरची घट धरून हातात पाचशे वॅट-तास येतात, म्हणजे २५० वॅटचा प्रोजेक्टर दोन तास. किडे प्रकाशाकडे झेपावतात, म्हणून प्रोजेक्टरपासून पंधरा फुटांवर एक प्रखर पांढरा दिवा लावून ठेवा, बरेचसे तिकडे जातात.

पोस्टर चिकटवायला मैद्याची खळ केलीत तर बकऱ्या रातोरात कागदासकट चाटून नेतात. खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, पण तो बकऱ्यांना विषारी आहे. मोरचूद न घालता कागद सहा फुटांच्या वर लावा.

आवराआवर

अर्धा दिवस राखून ठेवा. खिळे मोजून काढा, ठोकलेले जेवढे तेवढे. सुतळीचे तुकडे गुरांच्या पोटात जातात, तेही वेचा. बल्ल्या मंडपवाल्याला, माठ बाजारातल्या ज्या बायांनी दिवसभर त्यांच्यावर लक्ष ठेवलं त्यांना, उरलेली फक्की शाळेच्या मैदानाला. खांबांचे खड्डे मुरूम ठोकून जमिनीच्या दोन इंच वर येतील एवढे भरा. पहिल्या पावसात ते खचतात, आणि त्या भोकात बैलाचा पाय गेला तर पुढच्या वर्षी त्या गावात कुणी उभं करणार नाही.