सांता क्रोचेतून पाय निघेना

आज फ्लॉरेन्समध्ये उफ्फीत्सी हे चित्रांचं संग्रहालय बघायचं ठरलं होतं. पण सकाळी सांता क्रोचे चर्चमध्ये शिरलो आणि तिथेच रमलो. मायकेलअँजेलो, मॅकियाव्हेली, गॅलिलिओ, सगळ्यांच्या समाध्या इथे. गॅलिलिओला मुख्य चर्चमध्ये जागा मिळाली ती १७३७ साली, मृत्यूनंतर ९५ वर्षांनी!

मला मात्र खिळवून ठेवलं ते चित्रकार चिमाबुएने रंगवलेल्या लाकडी क्रूसाने. उंची चार मीटरहून जास्त, तेराव्या शतकातलं काम. ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नो नदीचं पाणी चर्चमध्ये घुसलं आणि क्रूसाचा निम्म्याहून जास्त रंग धुऊन गेला. जीर्णोद्धार करणाऱ्यांनी गेलेला भाग नव्याने रंगवला नाही. मोकळ्या जागी रंगीत रेघांचं बारीक विणकाम केलंय. लांबून चित्र सलग दिसतं, जवळ गेलं की घाव दिसतो. किती प्रामाणिक काम! आपल्याकडे देवळांच्या जुन्या दगडांवर सर्रास ऑइलपेंट फासतात, तेव्हा मला हेच हवं असतं.

चित्रकार व्हासारीचं 'लास्ट सपर' हे चित्रही त्याच पुरात बुडालं होतं. ते थेट २०१६ मध्ये, पन्नास वर्षांनी परत लागलं. आता पूर आला तर ते वर उचलून घ्यायची यंत्रणाही आहे.

उफ्फीत्सीत मग जेमतेम बोत्तिचेल्लीचं दालन झालं. चालेल.

उद्या कास्चिने बागेत जाणार. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडहून परतताना याच शहरात वारले, आर्नोकाठीच त्यांना अग्नी दिला. तिथे त्यांचं स्मारक आहे. फ्लॉरेन्सला येणाऱ्या मराठी माणसाने तिथे जायलाच हवं.