पहाटेची बाटली

पाणी तपासायच्या कामाला लागले, तेव्हा पहिलं वर्षभर मी सगळे नमुने दुपारी घ्यायचे. कारण निव्वळ सोयीचं. एका तळ्यात मासे मेल्याची तक्रार आली, तेव्हाही पोचले ती दोन वाजता. पाणी हिरवंगार, काठाला पोट वर करून पडलेले मासे. मीटर बुडवला तर विरघळलेला ऑक्सिजन लिटरला 14 मिलिग्रॅम! 25 अंशांच्या पाण्यात हवेतून मुरून मुरून सव्वाआठच्या आसपासच मावतो. ‘ऑक्सिजन समाधानकारक, विषबाधेची शक्यता तपासावी’ असं लिहून मी मोकळी झाले. त्या ओळीची अजून लाज वाटते.

अहवाल वाचून आमच्या वरिष्ठांनी एवढंच विचारलं, “मासे मेले कधी?”

“रात्रीतून, सर.”

“मग दुपारी काय बघायला गेली होतीस?”

पुढच्या खेपेला पहाटे पाचला गेले, टॉर्च घेऊन. या वेळी मीटरसोबत ऑक्सिजन मोजायची विंकलरची जुनी रासायनिक पद्धतही. 300 मिलिलिटरची काचेच्या बुचाची बाटली, आत एकही बुडबुडा राहता कामा नये. पिपेटचं टोक पाण्याखाली धरून आधी मँगनीज सल्फेट सोडायचं, मग अल्कलीतलं आयोडाइड. बूच लावून बाटली उलटीपालटी करायची. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो, जितका जास्त तितका गडद. माझ्या बाटलीत साका धरला तो पांढरा. टॉर्च जवळ नेऊन पुन्हा पाहिलं. पांढराच. समोर उरलेसुरले मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून लटकल्यासारखे होते, कारण हवेला टेकलेल्या त्या पातळ थरातच काय तो थोडा ऑक्सिजन होता.

दुपारी उन्हात ऑक्सिजन बनवणारं शेवाळ रात्री स्वतःच तो वापरतं. शिवाय मेलेलं शेवाळ कुजवणारे जिवाणूही त्यातच वाटेकरी. दुपारही तशी निर्धोक नसतेच. शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, सामू (pH) चढतो, म्हणजे पाणी अल्कधर्मी होत जातं. सामू 7 असताना पाण्यातल्या अमोनियाचा जेमतेम अर्धा-पाऊण टक्का भाग माशांना घातक रूपात असतो, 9 ला तोच एक तृतीयांशावर जातो. सांडपाणी येणाऱ्या तळ्यात अमोनिया असतोच.

हे शेवाळ माजतं कशावर? 1973 मध्ये कॅनडातल्या ऑंटारियोत शास्त्रज्ञ डेव्हिड शिंडलर यांच्या गटाने 226 क्रमांकाचं तळं पडदा लावून दुभागलं. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातलं, दुसऱ्यात तेच अधिक फॉस्फरस. फॉस्फरसचा भाग हिरवा झाला. विमानातून काढलेला तो फोटो मी कुणालाही दाखवते, समजावत बसावं लागत नाही. सांडपाणी, साबणाची भुकटी, शेतातलं खत, सगळ्यांतून हेच येतं. आणि बाहेरून येणं थांबवलं तरी तळं लगेच सुधारत नाही. गाळात लोहाला धरून बसलेला फॉस्फरस तळाचा ऑक्सिजन संपला की सुटतो आणि पुन्हा पाण्यात येतो.

त्या दिवशी उजाडल्यावर गाळ चाळणीत धुऊन पांढऱ्या ट्रेमध्ये ओतला. लालभडक अळ्या वळवळत होत्या, दुसरं जवळजवळ काही नाही. या कायरोनोमिड नावाच्या, डासांसारख्या दिसणाऱ्या माश्यांच्या अळ्या. अंगात हिमोग्लोबिन असल्याने अगदी कमी ऑक्सिजनवरही तगतात. मेफ्लाय या कीटकाची पिल्लं, पोटाच्या कडेला कल्ले हलवणारी, भरपूर ऑक्सिजन लागणारी, एकही नाही. मीटर मी गेले त्या क्षणाचंच सांगतो. अळ्या तिथे आठवडेच्या आठवडे राहतात, त्यामुळे माझा भरवसा ट्रेवर जास्त.

अहवालात अळ्यांची मोजणी वर आणि ऑक्सिजन खाली लिहिला. ‘किडे कशाला, ऑक्सिजनचा आकडा द्या,’ असा शेरा परत आला. दोन्ही आकडे दिले, दुपारचा 14 आणि पहाटेचा शून्य. नमुना किती वाजता घेतला, याचा रकाना फॉर्मात नव्हताच. तो मी पेनाने आखला.